पानावरचा कोरडा ठिपका

शाळा बंद झाली तेव्हा बाईंचं वय नवी नोकरी शोधण्याचं राहिलं नव्हतं आणि घरी बसण्याचं अजून झालं नव्हतं. मुलं कमी होत होत वर्ग ओस पडले, शेवटी दोन शाळांची मिळून एक शाळा केली. त्या जोडाजोडीत जीवशास्त्राची एक शिक्षिका जास्तीची ठरली. त्या नेमक्या या बाई.

पहिले काही दिवस त्यांनी घर आवरलं. मग आवरलेलं घर पुन्हा आवरलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. वरच्या मजल्यावर त्या एकट्या आणि खाली धाकटे दीर आणि जाऊ. वरचं आवरून संपल्यावर बाई खाली उतरल्या आणि जावेच्या स्वयंपाकघराला लागल्या. तिसऱ्या का चौथ्या दिवशी जाऊ कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"ताई, राग मानू नका, पण काल तुम्ही माझ्या मिठाच्या बरणीवर चिठ्ठी चिकटवलीत. 'मीठ' म्हणून. मला कळतं हो ते मीठ आहे. तुम्ही आता काहीतरी काम बघा, नाहीतर उद्या माझ्या कपाळावर 'जाऊ' लिहाल."

बाई आधी चिडल्या, मग खो खो हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नीट साडी नेसून वनस्पतींच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या केंद्रात गेल्या. तिथला प्रमुख त्यांचा जुना विद्यार्थी होता. शाळेत असताना हा मुलगा प्रत्येक वाक्याला "कशावरून?" असं विचारून त्यांच्या नाकी नऊ आणायचा, आणि बाई त्याला एकच उत्तर द्यायच्या, "पुरावा आण, मग बोल." आता त्याच्या खोलीच्या दारावर पितळी पाटी होती आणि सगळं केंद्र त्याला साहेब म्हणत होतं.

"अहो सर," बाईंनी दारातून सुरुवात केली.

साहेब खुर्चीतून ताडकन उठले. "बाई, सर म्हणू नका. मला शिक्षा झाल्यासारखं वाटतं."

काम मिळालं, ते मदतनिसाचं. जिवाणू वाढवायच्या काचेच्या बशांमध्ये गरम, पातळ खाऊ ओतायचा, तो थिजला की बशा रचून ठेवायच्या, उपकरणं वाफेवर निर्जंतुक करायची, काचघरातल्या रोपांना पाणी घालायचं. बाईंनी मनात म्हटलं, एवढंच ना! पण पहिल्याच आठवड्यात त्यांच्या बशांमध्ये हिरवी, काळी, लव आलेली बुरशी उगवली. दुसऱ्या आठवड्यातही तेच. साहेब एकदा मागे उभे राहून बघत होते. थोड्या वेळाने ते फार संकोचून म्हणाले, "बाई, एक सांगू का? बशा ओतताना... बोलायचं नसतं."

इतकी वर्षं वर्गाला गप्प बसवणाऱ्या बाई लाजेने लाल झाल्या. त्या खरंच अखंड बोलत होत्या. शेजारच्या मुलीशी, बाटलीशी, स्वतःशी. श्वासाबरोबर उडणारं सगळं बशांत पडत होतं. त्या दिवसापासून त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि बुरशीचं नाव राहिलं नाही. पण काम संपल्यावर साठलेलं सगळं बोलणं साहेबांच्या वाट्याला यायचं. दुपारच्या चहाला त्या त्यांना व्हरांड्यात गाठायच्या.

"मला एक सांग... सांगा," अशी त्यांची गाडी सुरू व्हायची. "इतकी वर्षं मी फळ्यावर एक ओळ लिहीत आले, 'जिवाणूंमुळे वनस्पतींना रोग होतात.' मुलं वहीत उतरवायची, मीही पुढच्या धड्याला लागायचे. पण होतात म्हणजे काय होतं? तो एवढासा जीव. ना दात, ना नखं. तो करतो तरी काय?"

"हे तुम्ही तेव्हा विचारायला हवं होतं," साहेब हसून म्हणायचे. "मी विचारलं तर मला बाकावर उभं केलंत."

पण ते सांगायचे, आणि मनापासून सांगायचे. पाण्याच्या थेंबाबरोबर जिवाणू पानावर येतो. पानाला श्वासासाठी बारीक छिद्रं असतात, तीच त्याची वाट. पान काही आंधळं नसतं. जिवाणूच्या शेपटीचा एखादा तुकडा जरी हाताला लागला तरी त्याला कळतं की कोणीतरी आलंय, आणि ते छिद्रं मिटून घेतं. मग काही जातीचे जिवाणू असं रसायन सोडतात की पानाला ती पुन्हा उघडावी लागतात.

"लबाड!" बाई म्हणाल्या.

"अजून आत कुठे शिरलाय! आत गेल्यावर तो पेशींच्या मधल्या फटीत राहतो. पेशीची भिंत जाड, ती त्याला ओलांडता येत नाही. म्हणून तो स्वतःच्या अंगावर एक पोकळ सुई उभी करतो. केसापेक्षा कैक हजारपटींनी बारीक. ती थेट पेशीत खुपसतो आणि तिच्यातून आपली प्रथिनं आत सोडतो. काही प्रथिनं पेशीची धोक्याची घंटाच बंद पाडतात. आणि एक तर सरळ केंद्रकात जातं, झाडाच्या डीएनएवर एक ठरावीक जागा हुडकून तिथे बसतं आणि झाडाचंच एक जनुक चालू करतं. पेशी फुगायला लागतात. पान ओलं, मऊ होतं. जिवाणूची चंगळ."

बाईंचा चहा कपातच निवला होता. "म्हणजे आपल्या घरात शिरून आपल्याच माणसांना स्वतःच्या कामाला जुंपतो."

"अगदी तसंच."

त्या दिवशी बाई घरी गेल्या त्या वेगळ्याच तंद्रीत. घराशेजारी दिरांचा मिरच्यांचा पॉलिहाऊस, म्हणजे प्लास्टिकच्या आवरणाखालचा मळा होता. दिवस मावळायच्या आत त्यांनी तिथून ढोबळी मिरचीचं एक पान तोडून आणलं आणि खिडकीतल्या उजेडात कितीतरी वेळ उलटंपालटं करून पाहिलं. ज्या पानाची आकृती फळ्यावर शेकडो वेळा काढली, ते पान त्या जणू आज पहिल्यांदा बघत होत्या.

वर्ष सरलं. बाईंचा हात बसला. सुई नसलेली सिरिंज पानाच्या खालच्या बाजूला टेकवून, पान न फाडता जिवाणूंचं पाणी आत कसं भरायचं हे त्या शिकल्या. आणि त्याच हंगामात घरी ते घडलं.

दिरांच्या ढोबळी मिरचीवर रोग पडला. आधी पानांवर तेलाचे शिंतोडे उडाल्यासारखे ओले डाग दिसले, मग ते काळसर झाले, पानं पिवळी पडून खाली सडा पडू लागला. हातातोंडाशी आलेलं पीक होतं. दिरांच्या तोंडचं पाणी पळालं. जेवायला बोलावलं तरी ते पॉलिहाऊसच्या दारात स्टुलावर बसून राहायचे. आणि माणूस हतबल झाला की कुणाला तरी दोष देतो, तसा त्यांनी तो दिला; तोही बायकोला.

झालं असं होतं की मागच्या भिंतीलगत जावेचा एक छोटा वाफा होता. स्वयंपाकघरातल्या वाळक्या मिरच्यांचं बी तिने तिथे टाकलं होतं. बारीक, वेडीवाकडी, जहाल तिखट मिरची; घरापुरती. त्या रोपांच्या पानांवरही ठिपके होते. दीर म्हणाले, "हिच्या या गावठी झाडांनीच रोग आणला. सगळ्यात आधी ठिपके इथेच पडले, मी डोळ्यांनी बघितलं. सकाळी उपटतो आणि जाळतो."

जाऊ एरवी एका शब्दाला चार शब्द ऐकवणारी. त्या दिवशी तिने फक्त स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, आणि त्या दाराचा आवाज बाईंना वरच्या मजल्यावर ऐकू आला.

बाई खाली आल्या, वाफ्यापाशी वाकल्या. ठिपके होते हे खरं. पण ढोबळीवरचे डाग ओले, पसरट, कडा फुटलेले. इथले टाचणीच्या टोकाएवढे, कोरडे, कागदासारखे. आणि पानं मात्र झाडावरच होती, हिरवीगार, ताठ.

"भावोजी, मला चारपाच दिवस द्या."

"वहिनी, कालपरवा तर तुम्ही तिथे लागलात."

"म्हणूनच म्हणते. मला माहीत नाही, म्हणून दिवस मागतेय. माहीत असतं तर आत्ताच सांगितलं असतं."

दिरांनी हात हलवला. ती परवानगी समजून बाईंनी जावेच्या वाफ्यातली दोन रोपं मुळांसकट कुंडीत घेतली, रोगट ढोबळीची काही पानं पिशवीत बंद केली आणि केंद्र गाठलं.

साहेबांनी कोरडे ठिपके भिंगाखाली धरले आणि भुवया उंचावल्या. "शक्य आहे," ते म्हणाले.

"काय शक्य आहे?"

"आत्ता नाही सांगत. पुरावा आणा, मग बोला." हे म्हणताना त्यांना झालेला आनंद लपत नव्हता.

दिरांच्या पानांतून बाईंनी जिवाणू वेगळे केले, वाढवले, पाण्यात कालवले आणि दोन्ही जातींच्या निरोगी पानांत भरले. मग वाट पाहिली. काहीच झालं नाही. ना ढोबळीवर, ना तिखटावर. दोन्ही पानं जशीच्या तशी, टवटवीत. बाईंनी कपाळाला हात लावला. शोधता शोधता कळलं की ज्या नळीत जिवाणू कालवले ती जंतुनाशकाने धुतल्यावर नीट खंगाळलीच नव्हती. जिवाणू सिरिंजमध्ये जाण्याआधीच मेले होते. धुतली होती बाईंनीच.

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आणि दिरांकडे पुन्हा दिवस मागायचे.

त्या घरी पोचल्या तेव्हा दीर कुदळ घेऊन मागच्या भिंतीकडे निघाले होते. बाईंनी घाईघाईने चूक सांगून पुन्हा दिवस मागितले, तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि जाऊ ओल्या हातांनी येऊन वाफ्यापुढे उभी राहिली.

"ताई दिवस मागतायत ना? मग द्या."

"अगं, पण त्यांचं जमलं नाही म्हणतायत त्या."

"तुमचं तरी कुठे जमलंय? सगळं पीक पडलं, औषधं मारून हात टेकलेत. माझी झाडं उभी आहेत तेवढी उभी राहू देत."

दिरांनी कुदळ भिंतीला टेकवली. रागाने की थकव्याने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

या खेपेला बाईंनी प्रत्येक नळी डोळ्यांत तेल घालून खंगाळली. पानं भरली. दुसऱ्या दिवशी काचघराचं दार उघडलं तर जावेच्या रोपावर, जिथे जिथे सिरिंज टेकवली होती तिथे तिथे पान सुकून तपकिरी झालेलं. बरोबर तेवढंच, त्याच्या बाहेर एक रेघही नाही. ढोबळी मात्र अजून हिरवी. बाईंचा चेहरा पडला. मेलं ते जावेचंच झाड! भावोजींचं खरं निघालं की काय?

"थांबा," साहेब म्हणाले. "आणखी दोनतीन दिवस."

त्या दिवसांत चित्र पालटलं. ढोबळीच्या पानावर ओला डाग उमटला, फुगला, पसरला आणि सडला. जावेच्या रोपावरचा कोरडा तुकडा तेवढाच राहिला. दोन्ही ठिकाणचा सारखाच तुकडा कापून, पाण्यात वाटून बशीवर पसरला तेव्हा ढोबळीच्या बशीत जिवाणूंच्या पिवळ्या ठिपक्यांची नुसती दाटी झाली, आणि तिखटाच्या बशीत तुरळक, विखुरलेले.

"पेशी मेल्यात, पण जिवाणूने मारलेल्या नाहीत," साहेब आता सांगायला तयार झाले. "त्या आपण होऊन मेल्या. मी म्हटलं होतं ना, जिवाणूचं प्रथिन डीएनएवर एक जागा हुडकून बसतं? या झाडात तशीच जागा आणखी एका जनुकाच्या तोंडाशी आहे. ते चालू झालं की पेशी स्वतःला संपवते. प्रथिनाला फरक कळत नाही. ते येतं, नेहमीसारखं बसतं, आणि स्वतःच्याच हाताने सापळ्याची कळ दाबतं. आजूबाजूच्या पेशी मरतात, आणि जिवंत पानावर जगणारा हा जिवाणू कोरड्या जागेत अडकून पडतो."

बाई कुंडीतल्या रोपाकडे बघत राहिल्या. मग त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. "कशावरून?" त्यांनी विचारलं. "पेशी दुसऱ्याच कशामुळे मेल्या नसतील कशावरून?"

साहेब एवढ्या मोठ्याने हसले की व्हरांड्यातली माणसं डोकावली. केंद्राच्या शीतपेटीत जिवाणूची एक जोडी जपून ठेवलेली होती. एक पूर्ण, आणि दुसरा अगदी तसाच, फक्त ते एक प्रथिन बनवण्याचं जनुक मोडलेला. बाईंनी दोन्ही जिवाणू जावेच्या रोपाच्या एकाच पानात भरले, मधल्या शिरेच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा. पूर्ण जिवाणूच्या बाजूला पान एका दिवसात कोरडं झालं. मोडक्या जिवाणूच्या बाजूला काहीच घडलं नाही. आणि काही दिवसांनी, जिथे सापळा वाजला नव्हता नेमकं तिथे ओला, पसरणारा डाग दिसला. रोग! जावेच्या रोपावर पहिल्यांदाच खरा रोग, आणि तो पाहून बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी साहेबांची पाठ थोपटली.

"शाबास रे!" त्या म्हणाल्या, मग जीभ चावली. "म्हणजे, अहो."

"राहू द्या बाई," साहेब म्हणाले. "हे काही नवीन नाही, असा सापळा आधीही सापडलेला आहे. पण तुमच्या जावेच्या वाफ्यात तो आहे हे कुणालाच माहीत नव्हतं."

घरी बाईंनी ते पानच नेऊन दिरांपुढे धरलं. केंद्रातून बाहेर न्यायची परवानगी फक्त बाटलीबंद करून मिळाली होती. सगळं सांगितलं. सुई, प्रथिन, जागा, कळ. दीर मध्येच थांबवून दोनदोनदा विचारत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हणजे ठिपका म्हणजे आजार नव्हे?"

"तुमच्या झाडावरचा आजार. हिच्या झाडावरचा ठिपका म्हणजे आजार तिथे थांबला त्याची खूण. आधी दिसला कारण ते झाड आधी जागं झालं. रोग बहुतेक ढोबळीच्या बियाण्यातून आला असावा, आणि वरून फवाऱ्याने पाणी देता त्या शिंतोड्यांनी पसरला."

ढोबळीचं त्या हंगामातलं पीक वाचलं नाही. अर्ध्याहून जास्त रोपं उपटून जाळावीच लागली. पण दुसऱ्या सकाळी जाऊ मागे गेली तर नवरा तिच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसून तण काढत होता, आणि फवाऱ्याची नळी काढून त्याने तिथे ठिबकची बारीक नळी अंथरली होती.

"तोंडाने बोलता येत नाही का?" जाऊ म्हणाली.

दिरांनी वर न बघता मातीत बोट फिरवलं. "चुकलो."

"मोठ्याने."

"चुकलो गं बाई!"

"हं. आता ती कडेची मोकळी करा, दाटी झालीय."

साहेबांनी पुढची गोष्ट सुचवली ती संकर करायची. सापळा तिखट मिरचीचा, फळ ढोबळीचं. काचघरात जावेला बोलावलं, कारण झाडं तिची. तिला ब्रशने पराग उचलून दुसऱ्या फुलावर टेकवायला शिकवलं. पहिल्या पिढीची रोपं आली, बाईंनी पानं भरली, आणि एकूण एक रोपावर कोरडा ठिपका पडला. सगळं काचघर आनंदलं. मग फळं धरली. धड ढोबळी नव्हे, धड मिरची नव्हे, अशी मुठीएवढी आखूड फळं. दिरांनी एक तोडून भाजीसारखा मोठा घास घेतला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"ही ढोबळी?" ते कसेबसे म्हणाले. "ही तर हिच्यावरच गेलीय."

मग हंगामामागून हंगाम तेच काम. मुलीचा पुन्हा ढोबळीशी संकर, नातीचा पुन्हा ढोबळीशी. दर पिढीत निम्म्यांत सापळा असायचा, निम्म्यांत नसायचा. कुणात आहे ते बाईंची सिरिंज सांगायची. तिखटपणा उतरत गेला, फळ भरत गेलं. बाईंच्या केसांत चंदेरी वाढलं, आणि त्या आता बशा ओतणाऱ्या नव्या मुलींना "बोलायचं नाही" असं सांगायच्या. ते सांगण्यात मात्र बराच वेळ बोलायच्या.

ज्या हंगामात गोड, मोठं, चार कप्प्यांचं फळ आणि पानावर कोरडा ठिपका दोन्ही एकाच रोपावर आलं, त्याच हंगामात दुसऱ्या एका शेतातून आलेल्या जिवाणूने त्या रोपावर ओला डाग पाडला. साहेबांनी तपासलं, या जिवाणूत ते प्रथिन बदललं होतं. जी जागा हुडकायची ती त्याला आता सापडत नव्हती, त्यामुळे सापळाही वाजत नव्हता.

दीर मटकन खाली बसले. "झालं. एवढी वर्षं पाण्यात."

"पाण्यात कशी?" बाई म्हणाल्या. "आपल्या शेतातला जिवाणू अजून जुनाच आहे, त्याला हे झाड पुरून उरतंय. आणि ते प्रथिन त्याने उगाच बाळगलं नव्हतं. ते बदललं की त्याचं स्वतःचंही नुकसान होतं. या नव्याचा डाग बघा, जुन्यापेक्षा लहान आहे, पेशी तेवढ्या फुगतच नाहीत."

"आणि एकच सापळा लावायचा असं कुणी सांगितलंय?" साहेबांनी पुस्ती जोडली. "दुसऱ्या जातीत दुसरा आहे, तो वेगळ्याच प्रथिनाला पकडतो. दोन्ही एका झाडात आणले तर दोन्ही चुकवणं त्याला फार जड जाईल. अशक्य म्हणत नाही मी. जड."

"किती हंगाम?" दिरांनी विचारलं.

जाऊ तोवर काचघराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. साहेबांनी आणलेलं त्या दुसऱ्या जातीचं झाड तिथे कालच फुललं होतं. तिने एक कळी दोन बोटांत हलकेच धरली, चिमट्याने आतले परागकोश एकेक करून काढले आणि मान न वळवता म्हणाली, "ताई, ब्रश द्या. उमलायच्या आत करायला हवं."

बाईंनी ब्रश दिला आणि तोंड घट्ट मिटून तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.